पारोच्या त्सेचूत कॅमेऱ्यासह: भूतानमधील एका छायाचित्रण कार्यशाळेचे परीक्षण

छायाचित्रणाच्या सहलींची जाहिरात बहुधा ठिकाणांच्या नावांवर चालते. मठ, उत्सव, सूर्योदय आणि डोंगरमाथे कार्यक्रमपत्रिकेत ओळीने मांडलेले असतात, सोबत शिक्षकाची चार-सहा गाजलेली छायाचित्रे असतात आणि तशीच छायाचित्रे आपल्याही हातून निघतील अशी आशा वाचणाऱ्याच्या मनात तयार होते. गेल्या वसंतात मी भूतानमधील अशाच एका कार्यशाळेला गेले होते. आठ रात्री आणि नऊ दिवसांच्या या कार्यक्रमात थिंफू, पुनाखा आणि पारो ही तीन ठिकाणे होती आणि शेवटचे साडेतीन दिवस पारोच्या त्सेचू या वार्षिक उत्सवासाठी राखलेले होते. आम्ही अकरा विद्यार्थी होतो. एक शिक्षक, त्यांचे एक साहाय्यक आणि एक भूतानी मार्गदर्शक आमच्यासोबत होते. संस्थेचे आणि शिक्षकांचे नाव मी येथे घेत नाही, कारण पुढे एका प्रसंगाविषयी मला कठोर शब्दांत लिहायचे आहे आणि ती चूक या एकाच संस्थेची नसून अशा सहलींमध्ये रुळलेल्या एका प्रथेची आहे. भूतान सुंदर आहे, हे सांगण्यासाठी परीक्षण लिहिण्याची गरज नाही. तेथे नेऊन आम्हाला काय शिकवले, आणि ज्यांची छायाचित्रे आम्ही काढली त्यांच्याशी आम्हाला कसे वागायला लावले, या दोन कसोट्यांवर मी ही कार्यशाळा तपासली आहे.

निघण्यापूर्वीच्या तयारीपासूनच शिक्षकांची पद्धत मला पटली. प्रत्येकाने आपली उत्तम दहा छायाचित्रे पाठवावीत, असे बहुतेक ठिकाणी सांगतात. येथे कोणत्याही एका दिवशी, एका ठिकाणी, ओळीने काढलेल्या सगळ्या फ्रेमा मागवल्या होत्या, फसलेल्यासुद्धा. निवडलेल्या छायाचित्रांतून माणसाची आवड कळते, पण ओळीने काढलेल्या फ्रेमांतून त्याची सवय कळते. माझ्या फ्रेमा पाहून शिक्षकांनी एकच गोष्ट सांगितली: मी प्रत्येक विषयापाशी दोन फ्रेमा घेते आणि पुढे निघते, त्यामुळे प्रसंग रंगात येण्याच्या वेळी मी तेथे नसते. पुढचे नऊ दिवस माझे सगळे काम या एका वाक्याभोवती फिरले. दुसऱ्या एका सहाध्यायीला त्यांनी केवळ ३५ मिलिमीटरची लेन्स वापरायला सांगितली, कारण तो लांबच्या झूमच्या आडून माणसांना टाळत होता. सर्वांना एकच गृहपाठ न देता प्रत्येकाला त्याच्या त्याच्या अडचणीनुसार काम देणे हे शिक्षकाला कष्टाचे असते, आणि ते येथे निष्ठेने केले गेले.

पहिली सकाळ थिंफूच्या स्मृती चोर्तेनपाशी गेली. भूतानचे तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या स्मरणार्थ १९७४ साली हा पांढरा स्तूप उभारण्यात आला. शहरातील वृद्ध माणसे सकाळीच येथे येतात, हातातले प्रार्थनाचक्र फिरवीत, स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतात, दमली की प्रवेशद्वाराजवळच्या मोठ्या चक्रांपाशी टेकतात, आणि त्यांतील पुष्कळ जण दिवसाचा बराच वेळ तेथेच घालवतात. शिक्षकांनी पहिला पाऊण तास कोणालाही कॅमेरा पिशवीतून काढू दिला नाही. प्रदक्षिणेच्या ओघात आम्हीही चालायचे; प्रकाश कोठून येतो, माणसे कोणत्या वळणावर थांबतात, कोणाला परक्याची नजर नकोशी वाटते, हे पाहायचे, एवढेच काम होते. आमच्यातील दोघे-तिघे यावर नाराज होते, कारण कोवळे ऊन फार वेळ टिकत नाही आणि ते डोळ्यांदेखत निघून चालले होते. मला मात्र तो पाऊण तास संपूर्ण सहलीतील सर्वांत मोलाच्या वेळांपैकी एक वाटतो. तिसऱ्या फेरीपर्यंत तेथील माणसांनी आम्हाला पाहून घेतले होते. एका आजींनी चौथ्या फेरीनंतर स्वतःहून बाकावर सरकून मला जागा दिली, आणि मग मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून परवानगी विचारली तेव्हा त्यांनी मान डोलावली. स्तूपाच्या सावलीच्या बाजूला फरशीवरून परतलेला प्रकाश चेहऱ्यावर किती मऊ पडतो, हे तोवर चालता चालता माझ्या लक्षात आले होते, त्यामुळे त्यांना हलवावे लागले नाही. शटरचा वेग १/३० सेकंदावर आणून मी त्यांचे फिरते चक्र धूसर आणि चेहरा स्थिर असे छायाचित्र काढले. दोन फ्रेमांवर थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी पुनाखाला जाताना दोचुला खिंडीत दाट धुके होते. सुमारे ३,१०० मीटर उंचीच्या या खिंडीत, २००३ सालच्या लष्करी मोहिमेत मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेले १०८ चोर्तेन आहेत आणि आकाश निरभ्र असेल तर त्यांच्यामागे हिमशिखरांची रांग दिसते. आम्हाला एकही शिखर दिसले नाही. शिक्षकांनी वेळ वाया घालवला नाही: धुक्यात जवळचा चोर्तेन गडद, त्यामागचा फिकट आणि त्याही मागचा जेमतेम दिसेल असा, ही खोली कशी पकडायची आणि धुके राखाडी न दिसता पांढरे दिसावे म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा प्रकाश, किती वाढवायचे, एवढे शिकवून त्यांनी तासाभरात आम्हाला गाडीत बसवले. येथे याहून अधिक थांबण्याची गरजही नव्हती.

रोज संध्याकाळी दिवसभराच्या छायाचित्रांची तपासणी होत असे. प्रत्येकाने तीन छायाचित्रे दाखवायची. आधी इतरांनी बोलायचे, मग शिक्षकांनी, आणि ज्याचे छायाचित्र आहे त्याने सर्वांत शेवटी. आपल्या छायाचित्रामागची कथा आधी सांगायची नाही, हा नियम कडक होता, कारण छायाचित्र पाहणाऱ्याजवळ ती कथा सांगायला कोणी उभे राहणार नसते. हा नियम मला फार आवडला. पण अकरा जणांची तेहतीस छायाचित्रे आणि प्रत्येक छायाचित्राला चार मिनिटे धरली तरी दोन तासांहून अधिक वेळ जातो, आणि पहाटे चारला उठलेल्या माणसांचे लक्ष नवव्या विद्यार्थ्यापर्यंत टिकत नाही. पहिले तीन दिवस क्रमही तोच राहिला. ज्यांची पाळी शेवटी येत होती त्यांना घाईघाईने उरकले गेले. आम्ही सांगितल्यावर क्रम बदलला, हे खरे, पण मूळ दोष संख्येचा आहे. एका शिक्षकामागे सातआठ विद्यार्थी ही मर्यादा मला योग्य वाटते. जाहिरातीत ‘छोटा गट’ एवढेच लिहिले होते. नाव नोंदवण्यापूर्वी मी नेमका आकडा विचारायला हवा होता.

पुनाखातील पहिल्या संध्याकाळी शिक्षकांनी छायाचित्रणाच्या इतिहासावर जे विवेचन केले ते या कार्यशाळेतील उत्तम सत्रांपैकी एक होते. जॉन क्लॉड व्हाइट हे ब्रिटिश अधिकारी १९०५ साली पुनाखाला आले होते आणि १९०७ च्या डिसेंबरात उग्येन वांगचुक यांचा पहिले राजे म्हणून राज्याभिषेक झाला तेव्हाही ते तेथे हजर होते. त्यांनी काढलेल्या भूतानच्या छायाचित्रांपैकी काही आम्हाला पडद्यावर दाखवण्यात आली. मोठा कॅमेरा, काचेच्या प्लेटा, तिकाटणे. माणसांना ओळीत बसवून, स्थिर राहायला सांगून काढलेली ती छायाचित्रे आहेत. तेथे बसवलेली माणसे बसवलेलीच दिसतात, आपण छायाचित्रासाठी बसलो आहोत हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट असते, आणि म्हणून आज शंभर वर्षांनंतरही त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. त्याच सत्रात शिक्षकांनी १९८२ सालच्या फेब्रुवारीतील ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठाचे उदाहरण दिले, ज्यात उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने जवळ सरकवले होते. छायाचित्राने वाचणाऱ्याला काय वचन दिलेले असते आणि ते कोठे मोडते, याची इतकी स्वच्छ मांडणी मी पूर्वी ऐकली नव्हती.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याच शिक्षकांनी आम्हाला एका लहान मठात नेले, जिथे दोन बालभिक्षू आमच्यासाठी खिडकीपाशी बसवून ठेवले होते. समोर उघडी पोथी होती, बाजूला उदबत्त्यांचा जुडगा पेटवलेला होता, खोलीतील इतर खिडक्या झाकून एकाच खिडकीतून उजेड येईल अशी योजना केली होती. आम्ही पाच-पाच, सहा-सहा जणांच्या ओळीत पाळीपाळीने उभे राहिलो. साहाय्यक मधूनमधून धूर वाढवत होते आणि मार्गदर्शकाकरवी मुलांना वर पाहा, खाली पाहा, हात जोडा, असे सांगितले जात होते. तासाभरात पोथीचे पान एकदाही उलटले नाही. मुलांपैकी लहानगा आठ-नऊ वर्षांचा असेल. तो अधूनमधून दाराकडे पाहत होता, कारण बाहेर त्याच्या बरोबरीची मुले खेळत होती. मी दोन फ्रेमा घेतल्या आणि बाहेर आले, आणि या वेळी दोनच फ्रेमांवर थांबल्याची मला खंत नाही.

आयोजकांची बाजू मी नीट ऐकून घेतली. मठाला देणगी दिली होती, मठाधिपतींची संमती होती, आणि मंदिरांच्या गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाई असल्यामुळे आतील प्रकाशाचा अभ्यास करायला दुसरा मार्ग नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यातील शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. एका खिडकीच्या उजेडात चेहरा कसा घडतो हे शिकवणे आवश्यकच आहे, पण ते एखाद्या प्रौढ व्यक्तीला योग्य मानधन देऊन, हा प्रकाशाचा सराव आहे असे सांगून, कोणत्याही खोलीत शिकवता येते. त्यासाठी धार्मिक जीवनाचा देखावा मांडण्याची आणि ज्याला नाही म्हणता येत नाही अशा लहान मुलाला तासभर बसवण्याची गरज नाही. देणगी मठाला मिळाली, संमती मठाधिपतींनी दिली. त्या मुलाला मात्र कोणी विचारले नाही. शिवाय यातून निघालेली अकरा जणांची छायाचित्रे जवळपास एकसारखी होती, आणि संध्याकाळी ती पडद्यावर आली तेव्हा ‘प्रार्थनेत मग्न बालभिक्षू’ अशा मथळ्याने ती स्पर्धांना पाठवण्याची चर्चा सुरू झाली. वृत्तछायाचित्रणाच्या जागतिक स्पर्धेत रचून घेतलेला प्रसंग खरा म्हणून पाठवण्यास मनाई आहे, हे शिक्षकांना माहीत आहे. तरी त्यांनी ती चर्चा थांबवली नाही. आदल्या रात्री पिरॅमिडांविषयी ज्या स्पष्टपणे ते बोलले होते, तो स्पष्टपणा त्या क्षणी हवा होता.

पुनाखातील खरी संधी त्या मठाच्या बाहेरच होती. फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर १६३७-३८ मध्ये बांधलेला पुनाखा झोंग, म्हणजे किल्लेवजा मठ, हे मध्यवर्ती भिक्षुसंघाचे हिवाळी निवासस्थान आहे. उन्हाळ्यात संघ थिंफूला जातो. आम्ही गेलो तेव्हा भिक्षू अजून तेथेच होते. अंगणात येणेजाणे चालू होते, ओसऱ्यांमध्ये पाठ करणारी मुले होती, वाऱ्याने उडणारी लाल वस्त्रे सावरीत कोणी लाकडी जिने चढत होते, आणि अंगणात छायाचित्रे काढण्यास कोणतीही बंदी नव्हती. तेथे आम्हाला जेमतेम दीड तास मिळाला. मठातील तो तास झोंगला दिला असता तर कार्यशाळेची उंची वाढली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

पारोत मात्र सगळे बदलले, आणि ज्या कामगिरीसाठी मी या शिक्षकांची मनापासून स्तुती करते ती येथील आहे. त्सेचू या शब्दाचा अर्थ दहावी तिथी. गुरू रिंपोछे म्हणजे बौद्ध आचार्य पद्मसंभव यांच्या जीवनातील घटनांचे स्मरण या तिथीशी जोडलेले आहे. पारोचा त्सेचू भूतानी पंचांगाच्या दुसऱ्या महिन्यात, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि पाच दिवस चालतो. पहिल्या दिवसाचे नृत्य पारोच्या रिनपुंग झोंगच्या आतल्या अंगणात होते, पुढचे दिवस झोंगबाहेरच्या फरसबंद मैदानात. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो, त्यामुळे आतल्या अंगणातील पहिला दिवस चुकला. उत्सव हेच कार्यशाळेचे मुख्य आकर्षण असताना हे नियोजन बरोबर नव्हते.

मैदानात शिरण्यापूर्वी आमच्या जोड्या पाडण्यात आल्या. अकरा माणसे कॅमेरे घेऊन एका ठिकाणी उभी राहिली की मागे बसलेल्या कुटुंबांना काहीच दिसत नाही, आणि उत्सव त्यांचा आहे. म्हणून उभे राहायचे नाही, जमिनीवर बसायचे, नर्तकांच्या रिंगणात पाऊल टाकायचे नाही, फ्लॅश वापरायचा नाही, ट्रायपॉड खोलीवर ठेवायचा, असे पाच नियम सांगितले गेले आणि ते पाळले जातील याकडे शिक्षकांनी स्वतः लक्ष दिले. आमच्यातील एक जण मुखवट्याचे जवळून छायाचित्र घ्यायला रिंगणात शिरला तेव्हा मार्गदर्शकाने त्याला हाताला धरून मागे आणले. शिक्षकांनी त्याला बाजूला नेऊन समज दिली आणि त्या दिवशी त्याला मैदानाच्या मागच्या चढावरून छायाचित्रे काढायला लावली. चढावरून त्याने काढलेली संपूर्ण रिंगणाची छायाचित्रे त्या संध्याकाळी सर्वांत चांगली ठरली, हे येथे नोंदवले पाहिजे.

मुखवट्यांच्या या धार्मिक नृत्यांना चाम म्हणतात. ती टिपण्याची जी रीत आम्हाला शिकवली ती कोणत्याही देशातील विधिनृत्याला लागू पडेल. पहिले नृत्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेरा मांडीवर ठेवून पाहायचे आणि ढोलाचे ठोके मोजायचे. झांजा आणि ढोल यांच्या आवर्तनात नर्तक कोणत्या ठोक्याला उडी घेतो, कोणत्या ठोक्याला वळतो आणि कोठे क्षणभर थांबतो हे एकदा कानाने पकडले की मग डोळ्यांची धावपळ थांबते. दामेत्से ङाचाम या ढोलनृत्यात सोळा मुखवटाधारी नर्तक स्वतःच ढोल वाजवीत नाचतात. युनेस्कोने २००५ मध्ये त्याची अमूर्त वारसा म्हणून घोषणा केली आणि २००८ मध्ये त्याचा यादीत समावेश झाला. या नृत्यात पिवळ्या पट्ट्यांचे झगे गिरकीसरशी फुलतात. शटर १/५०० ला ठेवले तर प्रत्येक पट्टी हवेत गोठलेली दिसते आणि नृत्याऐवजी पुतळे दिसू लागतात. १/१५ ला ठेवून कॅमेरा नर्तकाबरोबर फिरवला आणि थांबण्याच्या ठोक्याच्या किंचित आधी बटण दाबले तर मुखवटा बऱ्यापैकी स्पष्ट राहतो आणि झगा वाहताना दिसतो. माझ्या साठ-सत्तर फ्रेमांतून दोन जमल्या. ठोके मोजण्यापूर्वीच्या दिवसात एकही जमली नव्हती.

भूतानी मार्गदर्शकाने सांगितलेल्या कथांनी आमची छायाचित्रे जितकी सुधारली तितकी कोणत्याही तांत्रिक सूचनेने सुधारली नसती. काळ्या टोप्यांच्या नृत्यात नर्तकांना मुखवटा नसतो. रुंद काठाची टोपी, उंच जोडे आणि अतिशय रुंद बाह्यांचा झगा असतो. बौद्ध धर्माचा छळ करणाऱ्या लांगदर्मा या तिबेटी राजाला मारणाऱ्या भिक्षूने आपले धनुष्यबाण अशाच बाह्यांत लपवून नेले होते, अशी कथा आहे. ही कथा ऐकण्यापूर्वी आम्ही सगळे टोप्यांची छायाचित्रे काढत होतो. ऐकल्यानंतर बाह्या पूर्ण पसरण्याच्या गिरकीची वाट पाहू लागलो. मृतांच्या न्यायनिवाड्याचे रक्षा मांगचाम हे नृत्य तर मला आयुष्यभर लक्षात राहील. मृत्यूचा अधिपती मध्यभागी बसतो, शुभ्र देव आणि काळा दैत्य मृताच्या कर्मांची बाजू मांडतात, पाप्याला काळ्या कापडाच्या वाटेने नरकाकडे ओढले जाते आणि पुण्यवानासाठी पांढऱ्या कापडाची वाट अंथरली जाते. मृत्यूनंतर जे रूप समोर येणार आहे त्याची आत्ताच ओळख व्हावी, म्हणजे तेव्हा भीती वाटणार नाही, या भावनेने लोक हे नृत्य पाहतात. हे कळल्यावर शिक्षकांनी आम्हाला नर्तकांकडे पाठ करून बसायला सांगितले. काळे कापड अंथरले जात असताना समोरच्या रांगेतील एका वृद्ध माणसाने डोळे मिटले आणि शेजारच्या नातीने त्याचा हात धरला. ते छायाचित्र मी घेतले आहे, आणि त्यात एकही मुखवटा नाही.

भर दुपारचे ऊन तेथे फार कडक असते. झोंगच्या पांढऱ्या भिंती पाहून कॅमेरा फसतो आणि चेहरे काळवंडतात, मुखवट्यांच्या डोळ्यांच्या खोबण्या पूर्ण काळ्या होतात. त्या वेळी नर्तकांचा नाद सोडून झाडांखाली आणि भिंतींच्या सावलीत विसावलेल्या कुटुंबांकडे जायचे, असे शिक्षकांनी ठरवून दिले होते. ठेवणीतले घो आणि किरा हे पुरुषांचे आणि स्त्रियांचे पारंपरिक पोशाख नेसून आलेली माणसे चटया अंथरून बसलेली असतात, मुले लाल मुखवट्याच्या विदूषकांच्या, म्हणजे अत्सारांच्या, मागे धावत असतात, आणि परवानगी विचारली तर बहुतेक जण हसून मान डोलावतात. ज्यांनी नकार दिला त्यांना नमस्कार करून पुढे जायचे, दुरून झूम लावून चोरटे छायाचित्र घ्यायचे नाही, ही शिस्त आमच्या गटाने पाळली याचा मला आनंद आहे.

शेवटच्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, थोंगद्रेल उलगडण्यात आले. हा गुरू रिंपोछे यांची प्रतिमा असलेला, कापडाचे तुकडे जोडून शिवलेला अनेक मजली उंचीचा पट असतो. त्याच्या केवळ दर्शनाने मुक्ती मिळते, असा त्या नावाचाच अर्थ आहे. सूर्याचे किरण पडण्यापूर्वी तो पुन्हा गुंडाळला जातो. आम्ही रात्री अडीचला निघालो. अशा उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, ६४०० वर नेऊन, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून, १/६० सेकंदाला हात स्थिर ठेवून छायाचित्रे घ्यावी लागतात. त्याचा सराव आदल्या रात्री निवासाच्या ओसरीत दिव्यांच्या उजेडात करून घेतला होता, त्यामुळे तेथे कोणीही बटणे शोधत बसले नाही. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: आधी रांगेत उभे राहून पटाच्या काठाला कपाळ टेकवणाऱ्यांबरोबर पुढे जा, मग छायाचित्रे काढा. रांगेतून जाताना पट इतका मोठा होतो की माथा दिसत नाही, आणि समोर फक्त माणसांची कपाळे आणि कापडाचा काठ उरतो. बाहेर येऊन आम्ही जी छायाचित्रे काढली त्यांत हा आकार उतरला; आधीपासून दूर उभ्या असलेल्या इतर गटांच्या छायाचित्रांत तो मला दिसला नाही.

ताक्त्सांगला उत्सवाचा चौथा दिवस देण्यात आला. दरीच्या तळापासून सुमारे ९०० मीटर उंच कड्यावरचा हा मठ पाहायलाच हवा, परंतु तेथे आत कॅमेरा आणि फोन नेता येत नाहीत, ते प्रवेशापाशी ठेवावे लागतात, आणि बाहेरचे दृश्य टिपण्याची एकच प्रसिद्ध जागा आहे. चढण्याउतरण्यात दिवस गेला. छायाचित्रणाच्या दृष्टीने हा दिवस उत्सवाआधी किंवा उत्सवानंतर जोडायला हवा होता.

खर्चाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जाहिरातीतील रकमेत भूतान सरकारचे शाश्वत विकास शुल्क धरलेले नव्हते. भारतीय पर्यटकाला ते रात्रीमागे १,२०० न्गुलत्रम पडते, म्हणजे आठ रात्रींचे ९,६०० झाले. न्गुलत्रम रुपयाच्या बरोबरीचा आहे. स्थळांचे प्रवेशशुल्कही वेगळे भरावे लागले. रक्कम फार मोठी नाही, पण ती पहिल्याच पानावर लिहायला हवी होती. निवास आणि वाहने चांगली होती. सामानाविषयी दिलेला सल्लाही योग्य ठरला: २४-७० आणि ३५ मिलिमीटरच्या दोन लेन्स मला पुरल्या, जड टेलिफोटो पिशवीत पडून राहिली, आणि झोंगमध्ये जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात हे आधीच सांगितल्यामुळे कोणालाही दारातून परत फिरावे लागले नाही. रोज रात्री छायाचित्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर घेतल्याशिवाय साहाय्यक कोणाला झोपू देत नसत. सातव्या दिवशी एका सहाध्यायीचे मेमरी कार्ड बिघडले तेव्हा त्याचे फक्त त्या सकाळचे काम गेले.

नुकताच कॅमेरा घेतलेल्यांसाठी ही कार्यशाळा नाही. ज्यांना शटर, छिद्र आणि आयएसओ यांचा हिशेब न अडखळता जमतो, पण छायाचित्रांत माणसे दूर राहतात असे वाटते, त्यांना येथे खूप मिळेल. परतल्यावर दोन महिन्यांनी प्रत्येकाकडून बारा छायाचित्रांची मालिका मागवून त्यावर पुन्हा एक सत्र घेण्यात आले, आणि ज्यांना छायाचित्राची प्रत देण्याचे आम्ही कबूल केले होते त्यांच्या प्रती आयोजकांनी स्वखर्चाने छापून मार्गदर्शकाकडे पाठवल्या. थिंफूच्या आजींना त्यांची प्रत चोर्तेनपाशीच मिळाली, असे त्याने कळवले.

बालभिक्षूंच्या सत्राविषयी मी आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. त्यांचे उत्तर सभ्य होते, परंतु पुष्कळ विद्यार्थी त्याच छायाचित्रासाठी नाव नोंदवतात, असे त्यात म्हटले होते, आणि पुढच्या तुकडीच्या कार्यक्रमपत्रिकेतही ते सत्र कायम आहे. जे जातील त्यांनी त्या दुपारी गटातून रजा घ्यावी आणि पुनाखा झोंगच्या अंगणातच थांबावे. मार्गदर्शकाला आधी सांगून ठेवले तर तो संध्याकाळी न्यायला येतो.